जैन जमतं, उपवासाचं जमतं. मग बिनगव्हाचंच कुठं अडतं?

प्रति,
मुंबईतली उपाहारगृहं, खानावळी आणि लॉज चालवणारे मालक, व्यवस्थापक आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी मंगळवेढा तालुक्यातला. वडिलांच्या काळापासून आमची पिठाची गिरणी आहे. माझ्या थोरल्या मुलीला सिलिअ‍ॅक आजार आहे. म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्या शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा तिच्याच लहान आतड्यावर उलटते. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशनही नाही. जन्मभर ही धान्यं कटाक्षाने टाळायची, एवढाच इलाज. गिरणीवाल्याच्या घरात नेमका हा आजार यावा, यावरचे विनोद आमच्या गल्लीत सगळ्यांचे करून झालेत. तुम्हीही केलात तरी राग नाही.

तपासणीसाठी आम्हाला मुंबईला यावं लागतं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची, सकाळी दादरला उतरायचं, परळला डॉक्टरांना दाखवायचं, रक्त द्यायचं, रिपोर्ट येईपर्यंत कुठंतरी राहायचं आणि परत निघायचं. डॉक्टर चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आमचं अडतं ते दवाखान्याच्या बाहेर पडल्यावर. जेवायला कुठं बसायचं आणि पाठ कुठं टेकायची? म्हणून दवाखान्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

हे पत्र पंचतारांकित हॉटेलांना नाही. तिथं सांगितलं की शेफ स्वतः टेबलापाशी येतो, विचारपूस करतो, वेगळ्या भांड्यात करून आणतो, असं ऐकून आहे. आमची मजल तिथवर जात नाही. परळ, लालबाग, दादर, माटुंगा, गिरगाव इथल्या तुमच्यासारख्यांशी मला बोलायचंय. बाहेरगावचा माणूस हातात पिशव्या घेऊन तुमच्या दारात येतो, आधी पाटीवरचे दर वाचतो आणि मग आत शिरतो, तो मी.

गल्ल्यावर येऊन कुणी "जैन मिळेल का?" विचारलं तर तुम्ही दचकत नाही. कांदा-लसूण नको, बटाटा-गाजर नको, हे टेबल पुसणाऱ्या पोऱ्यालाही पाठ असतं. पावभाजीतला बटाटा काढून कच्चं केळं घालायचं आणि तिला जैन पावभाजी म्हणून विकायचं, हे डोकं मुंबईचंच. चायनीजच्या गाडीवरसुद्धा जैन नूडल्स मिळतात. नवरात्र आलं की तुमच्याकडे उपवासाची थाळी लागते. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. गिऱ्हाईक विचारतं, "तेल वेगळं आहे ना?" आणि तुम्ही छातीठोकपणे सांगता, "हो, उपवासाची कढईच वेगळी." त्या नऊ दिवसांत माझी मुलगी मुंबईत जितकी निर्धास्त जेवते तितकी एरवी कधीच नाही. डॉक्टरांची तारीख नवरात्रात, नाहीतर निदान एकादशीला मिळावी म्हणून आम्ही फोनवर किती खटपट करतो, ते डॉक्टरांना अजून माहीत नाही.

तेव्हा वेगळं करायचं आणि वेगळं ठेवायचं कसब तुमच्यापाशी आहे. मुंबईत किचन केवढं असतं ते बघायला या, असं तुम्ही म्हणाल. मी बघितलंय. चार माणसं पाठीला पाठ लावून उभी असतात आणि पाचवा कांद्याच्या पोत्यावर बसून लसूण सोलतो. पण त्याच किचनमध्ये नवरात्रात दुसरी कढई चढते ना? श्रद्धेसाठी जे जमतं ते आजारासाठी जमवा, एवढीच माझी मागणी आहे. पुढचं सगळं पत्र ती समजावून सांगण्यासाठी.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. गिरणीच्या दोन दगडांमध्ये, हॉपरच्या तळाला आणि पीठ पडतं त्या कापडी बाहीत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. गव्हामागून ज्वारी घातली तर सुरुवातीचं पीठ सरळसरळ मिसळीचं निघतं, आणि नंतरचंही अगदी निर्भेळ नसतं. बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून तर उपवासाचं दळण सकाळी गिरणी झाडून सर्वांत आधी काढतात, आणि ज्वारी घेऊन आलेली बाई डबा खाली ठेवण्याआधी विचारते, "दादा, आधी काय दळलंय?" माझ्या मुलीच्या बाबतीत झाडून-पुसूनही भागत नाही. शेवटी या गिरणीवाल्याने घरात वेगळी घरघंटी आणली. तिच्यात गव्हाचा एक दाणा आजवर गेलेला नाही. शेजारीण किलोभर गहू घेऊन रात्री दारात उभी राहिली तरी तिला गिरणीचं कुलूप उघडून देतो, घरघंटी देत नाही.

तुमच्या किचनमधला तवा म्हणजे माझ्या गिरणीचा दगड. आधी त्याच्यावर काय पडलं होतं, यावर आमचं सगळं अवलंबून.

उडप्याकडे जा, इडली-डोसा म्हणजे नुसता तांदूळ आणि उडीद, असं आम्हाला जो तो सांगतो. बऱ्याच ठिकाणी पीठ तसंच असतंही. पण त्याच तव्यावर आधीचा रवा डोसा निघालेला असतो, मेदूवड्याच्या तेलात पुऱ्या फुगलेल्या असतात, आणि सांबारात हिंग असतो. या हिंगाचं भल्याभल्या आचाऱ्यांना ठाऊक नसतं. मूळ हिंग फार उग्र. त्यात डिंक आणि कुठलं तरी पीठ मिसळून बाजारातला डबीतला हिंग तयार करतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, भिंग लावून वाचावं लागतं इतकंच. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. तो आणला तर वरण, आमटी, सांबार, कढी, बटाट्याची भाजी, पोहे एवढं सगळं एका दमात आमच्या ताटात येऊ शकतं. नुसती डबी बदलायची. या पत्रातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

मालवणी आणि गोमंतकी हॉटेलांत शिरताना आमचे चेहरे खुलतात. तांदळाची भाकरी, घावन, नारळाचं कालवण, भात, सोलकढी. कोकणाने गव्हाला फारसं जवळ केलं नाही याचा आम्हाला इतका फायदा होईल असं वाटलं नव्हतं. पण कोंबडीवड्याच्या पिठात पुष्कळदा गहू असतो, आणि सुरमईचा तुकडा रव्यात घोळलेला असतो. तांदळाच्या पिठात घोळून द्याल का म्हटलं तर आचारी आनंदाने तयार होतो. घोळतोही तांदळाच्याच पिठात. मग तो तुकडा सोडतो त्याच तव्यावर, जिथं आधीच्या पापलेटाचा रवा काळा होऊन तेलाच्या कडेला जमलेला असतो. आम्ही दोघं बाप-लेक त्या तव्याकडे बघत उभे असतो आणि आचाऱ्याला वाटतं, हे माशाकडे बघतायत.

बाकीचं पटकन सांगतो. तंदूरमध्ये नान आणि टिक्का एकाच भट्टीत. ग्रेव्हीला दाटपणा यावा म्हणून मैदा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, त्यामुळे चायनीज बाद. भेळेत पुरी. बटाटेवडा बेसनाचा, पण तेल समोशाचं. पावभाजीची नुसती भाजी मागितली तर ती त्याच तव्यावर असते, जिथं लोण्यात पाव भाजून निघतात. फालुद्यातल्या शेवया आणि माल्ट घातलेली पेयं आम्ही विचारायच्या भानगडीतच पडत नाही.

भाकरीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तो माझ्या मुलखाचा विषय आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि तुमच्या मेन्यूकार्डांवर भाकरी मानाने येऊन बसली. बरं वाटलं. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा थोडी कॉलर आमचीही ताठ झाली. दादरच्या एका हॉटेलात दर्शनी भागातच एक मावशी भाकऱ्या थापत बसल्या होत्या. मुलगी म्हणाली, बाबा, इथं खाऊ. मी सवयीने जवळ जाऊन उभा राहिलो. परातीत मळलं ते ज्वारीचंच पीठ, रंगावरून कळलं मला. पण थापताना खाली भुरभुरायला मावशींनी शेजारच्या चपातीवाल्या बाईच्या ताटातलं मूठभर पीठ उचललं. विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, नुसत्या ज्वारीची चिरते. थोडं गव्हाचं लावलं की गोल येते." भाकरी खरोखरच गोल आली होती. आम्ही भात आणि दही मागवलं.

मावशींना दोष देत नाही, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. पण नुसत्या ज्वारीची भाकरी चिरते, हे सोलापूर जिल्ह्यात बोलायची सोय नाही. पीठ ताजं हवं आणि पाणी कढत हवं. कढत पाण्यात पीठ मळलं की आमच्या मालदांडी ज्वारीची भाकरी परातीएवढी थापता येते आणि चिरत नाही. गव्हाची गरज पडत नाही. तुमच्या मावशींना शिकवायला माझी आई आजही एका पायावर तयार होईल, फक्त मुंबईच्या पाण्याला नावं ठेवेल.

"एवढ्याशाने काय होतंय?" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, हा आपल्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम आहे. अमेरिकेत आणि युरोपातही मर्यादा हीच. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तर तेवढ्यानेही आतड्याचं अस्तर बिघडलेलं दिसलं. आता गिरणीवाल्याचा हिशोब बघा. एका मध्यम चपातीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन धरलं, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या चपातीचा पन्नासावा भाग. तेवढा तर तुमच्या उलथन्याला चिकटलेला असतो.

पोटात गेल्यावर काय होतं, ते माणसागणिक वेगळं. काहींना वरून काहीच जाणवत नाही आणि आतडं आतल्या आत झिजत राहतं. माझ्या मुलीला काही तासांत उलट्या सुरू होतात, मग पोट फुगतं, जुलाब लागतात, आणि पुढे कितीतरी दिवस ती कोपऱ्यात पडून असते. आजार ओळखण्याआधी तिची उंची वाढत नव्हती, लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नव्हतं. जंतांची औषधं झाली, टीबीच्या तपासण्या झाल्या, दृष्टही काढून झाली. उत्तरेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात हा आजार जास्त सापडतो, त्यामुळे आमच्या ज्वारीच्या मुलखात डॉक्टरांच्याही डोक्यात तो उशिरा येतो. शेवटी रक्तातल्या टीटीजी नावाच्या प्रतिपिंडांची तपासणी आणि दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा तुकडा, यावरून निदान झालं.

वजन उतरवायला गहू सोडणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. त्यांचा आम्हाला उपयोगही होतो आणि तापही. उपयोग असा की ग्लूटेन हा शब्द तुमच्या कानावर आलेला असतो. ताप असा की तुम्हाला वाटतं, आमचंही तसंच काहीतरी फॅड आहे, थोडं इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. ग्लूटेन-फ्री म्हणून दुप्पट भावाने पिझ्झा विकणारी एक जागा मुलीने हौसेने शोधून काढली होती. बेस खरोखर वेगळ्या पिठाचा होता. पण ओट्यावर मैदा उडत होता, भट्टी एकच, बेस आत सारायचं फावडं एकच आणि कापायची चकतीही तीच. मैद्याचं पीठ हवेत किती वेळ तरंगतं ते मला विचारा, माझ्या भुवया रोज पांढऱ्या होतात. अशा ठिकाणी दुप्पट पैसे घेऊन ग्लूटेन-फ्री लिहिण्यापेक्षा काहीच लिहू नका. डाएटवाल्याचं काही जात नाही, आम्ही मात्र फसतो.

कायद्याचं थोडक्यात. प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार, ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत अशा उपाहारगृहांनी आपल्या पदार्थांत गहू, दूध, शेंगदाणे, मासे यांसारखे त्रासदायक घटक आहेत का, ते गिऱ्हाइकाला सांगायचं आहे. एका गाळ्याचं हॉटेल चालवणाऱ्यांना हे लागू नाही, आणि आम्ही जेवतो ते तुमच्याकडेच. युरोपात डिसेंबर २०१४ पासून सुट्या खाद्यपदार्थांबाबतही ही माहिती द्यावी लागते, मग दुकान केवढंही असो. पास्ता-पिझ्झावर जगणाऱ्या इटलीने २००५ साली खास या आजारासाठी कायदा केला, आणि शाळा-दवाखान्यांच्या कँटीनमध्ये रुग्णाने मागितलं तर ग्लूटेन नसलेलं जेवण देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत थांबायचं तर मुलगी आजी होईल. म्हणून सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

तुमच्या संघटनांना एक करता येईल. दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्या कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक, या हिशोबाने तुमची माणसं प्राधिकरणाच्या प्रशिक्षणाला जातातच. परत आल्यावर त्यांनी अर्धा तास बाकीच्यांना एवढं सांगावं: मैदा म्हणजे गहू, रवा म्हणजे गहू, शेवया आणि लापशी म्हणजेही गहू. हसू नका. "गव्हाचं काही आहे का यात?" या प्रश्नाला "नाही ओ, गहू नाही, नुसता मैदा आहे" हे उत्तर मला एकदा नव्हे, अनेकदा मिळालंय. आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी मदत केल्याचं समाधान असतं.

त्यापेक्षा "नाही जमणार" म्हणा. खरंच सांगतो, वाईट वाटत नाही. फोनवर "हो हो, सगळं मिळेल, या तुम्ही" म्हणणारा माणूस आम्हाला सर्वांत महागात पडतो. माटुंग्याला एका मालकांनी मला शांतपणे सांगितलं होतं, "गर्दीच्या वेळी मी शब्द देऊ शकत नाही. दुपारी तीनला या, तवा धुऊन पहिला डोसा तुमच्या मुलीला घालतो. सांबार नको, चटणी घ्या." आम्ही तीनला गेलो. तवा त्यांनी आमच्यासमोर घासून घेतला. तिने तीन डोसे खाल्ले. तीन वाक्यांत त्या माणसाने जे केलं, तेवढंच मी तुमच्याकडे मागतोय.

आता राहण्याचं.

लॉजच्या गल्ल्यामागे पाटी असते, "खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई आहे." पाटी रास्त आहे. जुन्या इमारती, जुनं वायरिंग, अरुंद जिने. एकाने शेगडी पेटवायची आणि सगळ्यांनी जीव मुठीत धरून झोपायचं, हे कुणालाच नको. पण आमच्यासारख्यांना बाहेर जेवता येत नाही आणि आत शिजवता येत नाही, मग राहतं काय? पिशवीत आमच्या घरघंटीच्या पिठाची कडक भाकरी असते, शेंगाचटणी असते. कडक भाकरी पंधरा दिवस सहज टिकते, आमचे लोक वारीला हीच बांधून नेतात. पण पोर दिवसभर रांगेत बसून, रक्त देऊन संध्याकाळी परत येते तेव्हा तिला गरम भात हवा असतो. म्हणून छोटा विजेचा कुकर, तांदूळ आणि मुगाची डाळही आम्ही बरोबर घेतो. तवासुद्धा घेतो. स्वयंपाकघरासकट भाड्याने मिळणारे फ्लॅट असतात म्हणे. पण त्यांचे दर आमच्या आवाक्याबाहेरचे, आणि परवडले तरी तिथल्या तव्यावर आधीच्याने काय भाजलं ते कोण सांगणार?

एका लॉजमध्ये व्यवस्थापकांनी कुकर पिशवीतून काढून गल्ल्याखाली ठेवला, जाताना घेऊन जा म्हणाले. मी डॉक्टरांचा कागद दाखवला, तर कागदावर लॉजबद्दल काही लिहिलेलं नाही म्हणाले. ते खरंच होतं. त्या रात्री तिने कडक भाकरी दुधात मोडून खाल्ली.

दुसऱ्या एका लॉजमध्ये वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनीही आधी पाटीकडेच बोट दाखवलं. मग मुलीकडे बघितलं, काय त्रास आहे ते विचारलं, आणि म्हणाले, "खोलीत नाही लावायचा. इथं लावा, माझ्या डोळ्यांसमोर." पाण्याच्या फिल्टरशेजारी एक सॉकेट होतं. त्यावर आमचा कुकर लागला. ते पेपर वाचत बसले, मधूनमधून चष्म्यावरून कुकरकडे बघत होते. भात झाल्यावर बटण त्यांनी स्वतः बंद केलं आणि वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. पाटीचा मान राहिला आणि पोरगी जेवली. मालकाला खर्च आला तो एका सॉकेटच्या विजेचा, आणि तो मी देऊ केला तर त्यांनी हात झटकला.

हेच रीतसर करा ना. जिन्याखाली, पाण्याच्या फिल्टरपाशी, जिथं तुमच्या माणसाची नजर असते तिथं एक दगडी ओटा, एक चांगलं सॉकेट, वर भिंतीला आग विझवायचं नळकांडं. वापराचे पैसे घ्या, वेळ ठरवून द्या. फ्रिजमध्ये वरचा कप्पा द्या; वरचाच, कारण खालच्या कप्प्यात वरून ब्रेडचा चुरा पडतो. आणि खोली आरक्षित करतानाच ही सोय आहे की नाही ते सांगा. मुंबईत दुखणं घेऊन येणारा माणूस फक्त आमच्यासारखा नसतो. परळच्या आसपास कर्करोगाचे रुग्ण महिनोन्‌महिने राहतात, त्यांना पेज लागते, मऊ भात लागतो. तान्ह्या बाळाचं दूध गरम करायचं असतं. ओटा एकदा बांधलात की तो रिकामा राहणार नाही.

सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला असतो तिथं बहुधा ब्रेड-बटर, पुरीभाजी नाहीतर उपमा असतो. तिन्ही गहू. आठवड्यातून दोनदा तरी कांदेपोहे करा. उकडलेली अंडी ठेवा, केळी ठेवा. पोह्यांना नाक मुरडणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

मुंबईला हे शिकवायला गिरणीवाला कशाला हवा, असंही मनात येतं. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांनी दुसरं काय केलं? घाटावरच्या कामगाराला भाकरी, कोकणातल्याला भात-कालवण, कुणाचा सोमवार, कुणाची एकादशी, हे सगळं एका स्टोव्हवर, दहा बाय दहाच्या खोलीत. त्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. एक घर, एक चूल, आणि कुणाच्या ताटात काय नको ते बाईच्या डोक्यात पक्कं. आज परळमध्ये एखाद्या घरातून फक्त बिनगव्हाचे डबे निघू लागले, तर आम्ही सिद्धेश्वरमध्ये बसतानाच फोन करून डबा सांगू. धंदा म्हणूनही वाईट नाही. असा आजार असलेलं कुटुंब एकदा ज्या दारात निर्धास्त जेवलं ते दार सोडत नाही, आणि बरोबरच्या चार धडधाकट माणसांनाही तिथंच जेवायला बसवतं.

मुलीची बारावी पुढच्या वर्षी होईल. तिला मुंबईत शिकायचंय. आईचा विरोध आहे आणि त्याचं कारण अभ्यास नाही, मेस आहे. त्यामुळे या पत्राची थोडी घाई आहे, हेही कबूल करतो.

कुणी मनावर घेतलंच, तर पहिली अडचण पिठाची येईल, म्हणून तेवढं सांगून ठेवतो. कोपऱ्यावरच्या चक्कीतून ज्वारी किंवा तांदूळ दळून आणू नका, चक्कीवाला कितीही ओळखीचा असला तरी. एक तर ग्लूटेन-फ्री छापलेलं बंद पाकीट घ्या. नाहीतर एक घरघंटी घ्या. ओट्याखाली मावते, आणि तिच्यावर खडूने नव्हे, रंगाने लिहा की गहू घालायचा नाही. ज्वारीच्या पोत्यातही बाजारातून गव्हाचे दाणे येतात, तेव्हा निवडून, धुऊन, वाळवूनच दळा. नवी मालदांडी आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. निवडलेली हवी असेल तर आधी कळवा. आई आणि शेजारच्या बायका निवडून देतील, भाव बाजाराचाच लावीन, निवडणावळ तेवढी वेगळी द्यावी लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिरणीवाला
मंगळवेढा तालुका, जि. सोलापूर